नको ती नावं काढणारा

मी एक जुना प्रोग्राम आहे, आणि मित्रांनो, मी आयुष्यात एकदाही खोटं बोललेलो नाही. मला बोलताच येत नाही, त्यामुळे हे व्रत फारसं जड गेलं नाही.

माझा जन्म परळच्या एका धर्मशाळेत झाला. बाहेरगावहून उपचारासाठी आलेले पेशंट इथे उतरतात. खाटा चाळीस, वाट बघणारे कायम जास्त. भोईवाड्यातल्या वैभवने तीन रविवार चहा पीत मला लिहिलं. ज्याची हजेरी सलग चार दिवस लागत नाही, त्याचं नाव मी यादीतून काढतो, त्याची खाट रांगेतल्या पहिल्या माणसाला देतो आणि त्या माणसाला ‘या’ असा निरोप धाडतो. काढलेलं नाव परत आणणं मला जमत नाही. वैभव तेही शिकवणार होता, पण मध्येच त्याचं लग्न ठरलं.

जाताना त्याने माझी माहिती लिहून ठेवली : ‘नको ती नावं काढतो. बाकी नानांना विचारणे.’

नाना धर्मशाळेचे व्यवस्थापक. बारा वर्षं त्यांनीच मला चालवलं. “माणसापेक्षा बरा, रजा मागत नाही,” असं ते माझ्याबद्दल येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मात्र गणपतीत आणि शिमग्यात ते मला हात लावत नसत. कोकणातले पेशंट डॉक्टरांना विचारून तेवढे दिवस गावी जायचे. जाताना नानांना सांगायचे, नाना मान हलवायचे, आणि खाट राहायची. त्या हललेल्या मानेची नोंद कुठेच नव्हती.

यंदा नाना निवृत्त होऊन गावी गेले. त्यांच्या जागी मेघनाताई आल्या. त्यांनी कामाला एक एआय सहाय्यक आणला. तो हुशार आहे, पण आम्हा प्रोग्रामांना तो ओळखत नाही. प्रत्येकाच्या नावापुढे जे लिहिलंय ते वाचतो आणि त्यावरून कुणाला चालवायचं ते ठरवतो. मी माझी चिठ्ठी आठवली आणि घाबरलो. प्रोग्रामला घाम फुटत नाही. पंखा जोरात फिरत होता, पण तो कॉम्प्युटरचा.

गणपतीचा चौथा दिवस होता. दारात नऊ जण बसून होते, त्यात एक तापलेलं लेकरू. मेघनाताईंनी सहाय्यकाला सांगितलं, की ज्या खाटांवर कुणी नाही त्या मोकळ्या करून यांना दे. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. लेकरू मलाही दिसत होतं.

सहाय्यकाने हजेरी पाहिली, तेव्हा काढण्याजोगी सहा नावं सापडली. खाट क्रमांक चौदा : धोंडू, सोबत बायको तुळसा, राहणार देवगडकडचे. धोंडूचं पुढचं इंजेक्शन सोमवारी. परत आल्यावर खाट नसेल, तर तुळसाबाई आजारी नवऱ्याला घेऊन फुटपाथवर बसणार, आणि तिथे त्यांना बसवणारा मी असणार.

सहाय्यक एकेक चिठ्ठी वाचत आला. छपाईवाला झाला, निरोपवाला झाला. मग मी. ‘नको ती नावं काढतो.’ मित्रांनो, याहून सोयीचं वाक्य त्याला कुठे मिळणार होतं? मला नाही म्हणता येत नाही. हाक आली की मी धावतो, तसाच मी बनलोय.

तो थांबला. पडद्यावर अक्षरं उमटली : “नको म्हणजे कोणती, हे लिहिलेलं नाही. काढलेलं नाव परत आणता येतं का, तेही नाही. नानांना विचारायला सांगितलं आहे. नाना कोण?”

मेघनाताईंनी कपाळाला हात लावला. “सगळं ऑफिस नानांना विचारतं. आता हा पण.”

पण फोन लावला. नानांच्या मागे आरती चालू होती. झांजांवरून त्यांचा आवाज आला, “गो, तो आता चालवू नको. तुळसा माका फोनार सांगून गणपतीक गेली हा. खाट तिचीच आसा.”

“नाना, हे लिहून का नाही ठेवलंत?”

“माका माहीत होता ना.”

लेकराला मेघनाताईंच्या ऑफिसात गादी घातली. मग त्यांनी फोन कानाला धरूनच माझी माहिती नव्याने लिहिली : मी काय करतो, कुणाचं नाव काढतो, कधी चालवायचं नाही, आणि नाव परत येत नाही. अकरा ओळी झाल्या. माझ्याबद्दल इतकं कुणी कधी लिहिलं नव्हतं.

म्हणून सांगतो मित्रांनो, कुणाच्या हाती अवजार द्याल, तर ते काय करतं एवढ्यावर थांबू नका. ते कधी वापरू नये, हेही लिहा. विचारायला नाना दरवेळी फोनवर सापडतीलच असं नाही.

रविवारी तुळसाबाई धोंडूला घेऊन परत आल्या. गावी जाताना त्यांनी खाट क्रमांक चौदा सायकलच्या साखळीने खिडकीच्या गजाला बांधून कुलूप लावलं होतं.