शब्दात धरलेल्या बाया

त्या दुष्काळात नेकनूरच्या शिवारात एकाच विहिरीला पाणी टिकलं होतं आणि ती विहीर वच्छलाबाईची होती. नवरा गेल्यावर विहिरीचा आणि मोसंबीच्या रानाचा सातबारा तिच्या नावावर झाला. गावच्या सहकारी शेती सोसायटीच्या साऱ्या मोसंबीला ठिबकनं तिचंच पाणी जायचं. सभासद मात्र तिला कुणी करून घेतलं नव्हतं.

चेअरमन सुंदरराव इस्राएल बघून आले होते. तिकडच्या सहकारी शेतीचे पाहुणे येणार म्हणून त्यांनी बागेच्या तोंडाशी भला मोठा फलक लावला: 'सुंदरराव किबुत्झिम'. पाहुण्यांसोबत दुभाषी म्हणून ज्यूडिथबाई रोहेकर आल्या. मूळच्या अलिबागकडच्या बेने इस्राएल ज्यू, मराठी अस्सल. फलक वाचून त्यांना हसू आलं.

"अहो, 'इम' लागलं की हिब्रूत अनेकवचन होतं. तुमची संस्था एकच ना? मग किबुत्झ म्हणा, म्हणजे एक सामुदायिक शेतवस्ती. तिथं राहतो तो किबुत्झनिक. हे 'निक' यिद्दिशमधून, युरोपातल्या ज्यूंच्या बोलीतून, आलंय."

मंडपाच्या कडेला उभ्या वच्छलाबाईनं विचारलं, "आन् बाई आसली तर?"

"सभासदाला म्हणतात खावेर. बाई असेल तर खावेरा. पुष्कळ पुरुष ते खावेरिम, पुष्कळ बायका त्या खावेरोत."

"आन् दोनी मिळून?" सुंदररावांनी घाईनं विचारलं.

"मग खावेरिमच."

"बगा! सभासद म्हणलं की बाया त्यात आल्याच. तुमचे दीर राधाकिशन हायत की सभासद."

"तिकडं बाया सभेत बसतात का?" वच्छलाबाईनं ज्यूडिथबाईंना विचारलं.

"बसतात, मतंही देतात."

वच्छलाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "चेअरमनसाहेब, तुमी आमाला नुसतं शब्दात धरता, सभेत न्हाई. पाणी माझं, मंग दीर कावून सभासद?"

ती तडक विहिरीवर गेली, मोटार बंद केली आणि मोटारीच्या खोलीला कुलूप घातलं.

पाहुणे गेल्यावर सुंदररावांनी राधाकिशनला धाडलं. "वैनी, बाग जळंल," तो गयावया करू लागला.

"माझी बी झाडं हायत त्यात. जळू दे."

छबुबाई आणि सुंदरबाई, स्वतःची रानं कसणाऱ्या पण सभासद नसलेल्या दोघी, तिच्या शेजारी येऊन बसल्या. मोसंबीची पानं वळायला लागली, तशी सभाच विहिरीवर भरवावी लागली. तिघींना सभासद करून घेतलं. ठराव झाल्यावर सुंदरराव म्हणाले, "वच्छलाबाई, आता सभेचे आभार माना."

"माझ्या पाण्यावर सारी बाग जगली, तवा माझे कुणी मानले?"

तिनं मोटार चालू केली आणि कुणाकडं न बघता घरची वाट धरली.