कराचीहून परवा दुपारी

निजामभाई गेले तेव्हा वैशाखातलं ऊन नुकतं ओट्यावर चढत होतं. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवावी ती निजामभाईंनीच, असं नंदुरबारात म्हणत. फाळणी अजून व्हायची होती; त्यांचा मुलगा रमजान कराचीला विमानतळावर फिटर होता. त्याला तार केली. दुपारी उलट तार आली : उद्या पहाटेच्या विमानाने निघतो. थांबा.

विमान म्हटल्यावर अंतर उरलंच नाही, असं ओट्यावरच्या सगळ्यांना वाटलं.

"पहाटले उडना म्हणजे न्याहारीले आठे," फूफी हाजराबी म्हणाली. "पानी मारीसन वल्ली पोती टाकूत, एक रात काढी लेऊत. मन्हा भाऊ पोराले भेटाबिगर कसा जाई?" मग भाचीकडे वळून, "तू भनेल शे, सकीना. कितला टाइम लागस?"

रमजानची बहीण सकीना उर्दू शाळेत शिकवत होती. तिने नकाशांचं पुस्तक उघडून कराचीपासून मुंबईपर्यंत दोरा धरला. बोटभर समुद्र. विमानाला तो अर्ध्या दिवसाचा. पण विमान नंदुरबारला उतरत नाही. मुंबईहून रात्रीची गाडी, सुरतेला गाडी बदलायची, मग तापीकाठची प्रत्येक स्टेशनावर थांबणारी गाडी. "उद्या" म्हटलं असतं तर सगळे थांबले असते. उद्या येऊन गेल्यावरही थांबले असते. आत बापाच्या चेहऱ्यावर माशी बसत होती, आणि शेजारीण पदराने ती वारत होती.

"परवा दुपारले, फूफी."

"मंग ते इमान कसाले? आपला बैलच बरा!"

बाप हेच म्हणाला असता. हवाई गाडीची चाकं फक्त उडता-उतरताना लागतात हे ऐकून तो मागे खूप हसला होता : मंग त्याले गाडी कसाले म्हननं?

"आजच न्या," सकीना म्हणाली. "फक्त कबरीवर टाकायची एक टोपली माती बाजूला काढून घरी आणा. रमजानची."

दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर मय्यत उठली. बायका दारातच राहिल्या.

परवा दुपारी रमजान आला. कानांत अजून कापूस होता. विमानातली घरघर थांबायला तयार नव्हती. खाट रिकामी पाहून तो उंबऱ्यातच थांबला.

"कोणी ठरवलं?"

"मी," सकीना हळूच म्हणाली.

त्याने कानाकडे बोट दाखवलं.

मय्यत उठल्यापासून तिचा आवाज घरात कोणी ऐकला नव्हता. आता तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

"मी! मीच सांगितलं, थांबू नका! तुझ्या वाटची माती राखलीय!"

रमजानने कानांतला कापूस काढला, खिशात ठेवला आणि म्हणाला, "माती कुठंय?"

तिने दाराआडची टोपली उचलून त्याच्या हातात दिली.