कचऱ्यात गेलेलं भाषण

अनांदेच्या पाठवणीचा समारंभ शनिवारी होता आणि टांझानियातल्या मोशी गावी तिच्या माहेरी नुसती धांदल उडाली होती. बापाने, एलिफुराहाने, लेकीचे लहानपणापासूनचे फोटो गाण्यावर बसवायचं मनावर घेतलं होतं. पण घरातला जुना कॉम्प्युटर ऐन वेळी अडून बसला. म्हणे जागाच शिल्लक नाही.

अनांदेने बाबांना समजावलं की, तात्पुरत्या फायली साचल्या असतील, तेवढ्या काढा. आधी उघडं असेल ते सगळं बंद करा. जी फाइल हटत नाही, तिच्या नादी लागू नका. आणि कचरापेटी रिकामी करण्याआधी आईला विचारा.

एलिफुराहाने सांगितल्याबरहुकूम केलं. ढीगभर फायली पेटीत गेल्या. हटायला तयार नव्हत्या, त्या त्याने राहू दिल्या. आईला विचारायचं मात्र त्याच्या जिवावर आलं होतं. कचऱ्याला कुणाची परवानगी लागते? तरी त्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. अनांदेची आई ऐकारुवा केळी सोलता सोलता तशीच बाहेर आली.

"माझं भाषण कुठंय?" तिने विचारलं.

तिच्या बहिणीने ईमेलने पाठवलेला मजकूर तिने तिथल्या तिथेच उघडला होता आणि त्यावरच आठवडाभर आपलं भाषण लिहिलं होतं. ते तात्पुरत्या फायलींतच साठतंय, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.  एलिफुराहाने पेटी उघडून फायली तारखेप्रमाणे लावल्या. कालच्या तारखेखाली भाषण सुखरूप होतं. ते त्याने बाहेर काढून तिच्या फोल्डरमध्ये ठेवलं, आणि ठेवता ठेवता वाचलंही.

त्यात तो स्वतः ऐकारुवाला मागणी घालायला आला तेव्हाची गोष्ट होती. सासऱ्यासमोर म्बेगेचं मडकं त्याच्या हातातून निसटलं आणि ती केळ्याची दारू थेट सासऱ्याच्या नव्या बुटांत गेली, ती.

"एवढं काढून टाक गं. दोनशे माणसं येणार आहेत."

"अहो अनांदेचे बाबा, त्यासाठीच तर लिहिलंय."

त्याने पेटी रिकामी केली. जागा झाली, फोटो गाण्यावर बसले. शनिवारी मडक्याच्या गोष्टीला मांडव हसून हसून लोळला, आणि सगळ्यात मोठ्याने हसला तो जावई. तो अनांदेला मागणी घालायला आला, त्या दिवशी त्याच्या हातूनही काय सांडलं होतं, हे अजून कुणाला कळलं नव्हतं.