पाठमोरी चढली लिझी

रॅग्ना ट्वेटेनला जे घर हवं होतं, त्यात ओट्सची पोती राहत होती.

घर कसलं, दोन खोल्या. वर डोंगराच्या माथ्यावर, एका अंगाला चर्च, दुसऱ्या अंगाला चीजचा कारखाना, आणि मध्ये ते चिमुकलं लाकडी घर. दरीतलं दूध रोज वर वाहून आणणाऱ्या माणसासाठी बांधलेलं. पण दूध आणायचा म्हातारा सिव्हर्ट ब्रेके. तो खाली आपल्या लेकीकडे राहायचा आणि या घरात घोड्यांचा दाणा भरून ठेवायचा. रविवारी उपासना संपून बायका कॉफीकडे वळल्या की रॅग्ना हळूच तिकडे जायची, काचेला कपाळ टेकवून आत बघायची. पोती हलवली तर खाट कुठे बसेल, चुलीचं धुराडं कुठून काढता येईल, पूर्वेच्या खिडकीत जिरॅनियमची कुंडी धरेल का.

भावाच्या घरी तिला काही कमी नव्हतं. ओलाउस शांत माणूस, वहिनीही मनाची काळी नव्हे. पण स्वयंपाकघरावरची रॅग्नाची खोली आता थोरल्या पुतणीला लागणार होती. गुरोवहिनीने ते लेफ्साच्या पोळ्या लाटता लाटता सांगितलं, नजर बटाट्याच्या पिठावर ठेवून.

"नाताळानंतर बघू म्हणते मी. तुम्हाला काय हो वन्सं, एकटा जीव. कुठंही मावाल."

कुठंही मावणाऱ्या माणसाला कुठंच जागा नसते, हे रॅग्नाला ठाऊक होतं. तिने लाटलेली पोळी काठीवर उचलली, तव्यावर टाकली आणि म्हणाली, "मावते की, वहिनी. लिझीत झोपेन."

लिझी म्हणजे तिची फोर्ड. तिकडे प्रत्येक फोर्डला लिझीच म्हणत.

विस्कॉन्सिनच्या त्या दऱ्यांमध्ये पहिली मोटार आली ती डॉक्टरांची. लांबलचक, पितळी दिव्यांची, वसंतातल्या चिखलात रुतली की ओढायला दोन शेतांचे घोडे लागायचे. लोक कुंपणावर बसून बघायचे आणि म्हणायचे, मोटार हे श्रीमंतांचं दुखणं आहे. मग डेट्रॉइटहून काळ्या, उंच पायांच्या, हाडकुळ्या फोर्ड गाड्या यायला लागल्या. दिसायला बाईच्या उन्हाळी टोपीला चाकं लावल्यासारख्या. चिखलातून त्या शेळीसारख्या उड्या मारत निघायच्या. दरवर्षी सगळं महाग व्हायचं, हिचीच किंमत उतरायची. आधी लोण्याचा व्यापारी, मग शाळामास्तर, मग ज्याच्याकडे वीस गाई तो, मग ज्याच्याकडे आठ तोही. हिचे सुटे भाग खिळ्यामोळ्यांच्या दुकानात टांगलेले असायचे, आणि ते मिळाले नाहीत तर गवताचे भारे बांधायची तार होतीच. मागचं चाक उचलून त्याला पट्टा लावला की लिझी लाकडं कापायची, मका सोलायची, सोमवारी धुणंसुद्धा धुवायची. लोक तिला हसायचे, पण तिच्यावरचा विनोद परक्याने केला तर चिडायचे. घरातल्या माणसाचं असतं तसं.

चर्चच्या तळघरात रजया शिवताना बायका तिच्यावर गाणंही जुळवायच्या. सुई वर आली की एक ओळ, खाली गेली की दुसरी:

*काळी गं लिझीबाई, नको तिला दाणा-चारा,*
*भाऱ्याच्या तारेवरी बांधला संसार सारा.*

रॅग्नाने आपली लिझी रेल्वेच्या गावातून जुनी घेतली. कितीक वर्षांच्या कोंबड्या आणि विणलेले हातमोजे त्या गाडीत गेले. मागची बैठक तिने करवतीने उतरवली, मोडक्या धान्यकोठीच्या फळ्या ठोकून तिथे दुधाच्या कॅनांसाठी पाटा केला. कशासाठी, ते तिने कुणालाच सांगितलं नाही. ऑगस्टमध्ये सांगायची वेळ आली.

त्या ऑगस्टमध्ये असा उकाडा झाला की गाई ओढ्यातून बाहेर येईनात. सिव्हर्टच्या घोड्या, ब्लाका आणि दोक्का, चढावर जागोजागी थांबायच्या, आणि वर पोचेपर्यंत दूध आंबायचं. कारखान्याचा फ्रिडोलिन एल्मर स्विस माणूस. तो कॅनचं झाकण उघडून नाक आत घालायचा, आणि नाक मुरडलं की कॅन परत. परत आलेलं दूध डुकरांना. दरीतल्या शेतकऱ्यांची बैठक बसली तेव्हा सगळ्यांची तोंडं त्या दुधासारखीच होती.

रॅग्ना मागच्या बाकावरून उठली.

"दूध मी नेते," ती म्हणाली. "लिझीतून. आणि दूधवाल्याचं घर मला द्या."

ओलाउसने मान खाली घातली. सिव्हर्टने मात्र वळून तिच्याकडे नीट बघितलं. पांढरी दाढी, डोळ्यात सदा मिश्कीलपणा.

"रॅग्ना पोरी, माझ्या ब्लाकाला औंदा शिंगरू झालं. तुझ्या लिझीला काय झालं?"

"काही नाही."

"झालं की. गळती झाली. तुमच्या अंगणात बघून आलो मी."

बैठक खदखदली. रॅग्नाही हसली. "गळते म्हणून तर कळतं, तिच्यात तेल आहे. तुमच्या घोड्यांच्या आत काय आहे ते मागून चालणाऱ्यालाच कळतं."

आता सिव्हर्टही हसला. पण बोलण्यात हार मानणारा तो नव्हे. "आणि चढ कशी चढणार? या लिझ्या उभा चढ आला की गरकन फिरतात नि मागल्या पायांनी चढतात. अख्ख्या गावानं वरून बघायचं, आणि ट्वेटेनांची पोर चर्चकडं ढुंगण करून येणार?"

यावर जे हसू उसळलं ते लवकर थांबलं नाही. पाद्रीबाबांनी रुमालात खोकून घेतलं. रॅग्नाचे कान लाल झाले.

कारण ते खरं होतं. फोर्डची पेट्रोलची टाकी बसायच्या बाकाखाली. पेट्रोल आपल्याच वजनाने इंजिनाकडे ओघळत जायचं. चढ उभा असला आणि टाकी भरलेली नसली की इंजिन वर, टाकी खाली, आणि लिझीचा घसा कोरडा. पाठमोरी चढवली की टाकी वर येते. शिवाय मागे जायचा गिअरच तिचा सगळ्यांत दांडगा. फोर्डवाले सगळेच आडरानात असे चढत, पण चर्चच्या चढावर कुणी नाही. तिथे गाडी खाली ओढ्याजवळ लावायची आणि चालत वर यायचं, हीच रीत होती.

शेवटी फ्रिडोलिन बोलला. "मला घोडा नको, लिझी नको. मला गोड दूध हवं. मंगळवारी निम्मं त्याला द्या, निम्मं हिला. मी नाकानं ठरवतो."

"मी सरळ येईन," रॅग्ना म्हणाली. "तोंड पुढं करून."

हे बोलायला नको होतं, हे तिला दारातून बाहेर पडतानाच कळलं.

मंगळवारी सकाळीच ऊन काचेसारखं झालं होतं. रॅग्नाने टाकीत काठी बुडवून बघितली. निम्म्याच्या जरा वर ओली. पुरेल, तिने स्वतःला सांगितलं. ज्याला पुरवायचंच असतं त्याला निम्मं पुरतंच वाटतं. कॅन लादले, ओलं गोणपाट पांघरलं, हँडल मारलं. लिझी खोकली, शिंकली, मग सबंध अंगाने थरथरत जागी झाली.

माथ्यावर चर्चच्या भिंतीपाशी गाव जमलेलं होतं. बायकांनी कॉफीची किटलीसुद्धा आणली होती. सिव्हर्ट पहाटेच निघालेला. त्याची गाडी अजून खालच्या वळणापाशी होती. रॅग्नाने भोंगा वाजवला, घोड्यांच्या कडेने पुढे गेली आणि चढाला भिडली. चाकांखाली खडी कुरकुरली. ओक झाड गेलं, धाकलं वळण गेलं. वरचे चेहरे ओळखू यायला लागले. मग लिझीने एक उचकी दिली.

दुसरी उचकी. आणि शांतता. त्या शांततेत मागचे कॅन पाट्याच्या टोकाकडे सरकल्याचा आवाज तेवढा आला.

रॅग्नाने ब्रेकवर पाय रोवला. वरून कुणीतरी काहीतरी म्हणालं, कुणीतरी हसलं. खालून घोड्यांच्या टापा जवळ आल्या, अगदी शेजारी आल्या. सिव्हर्टने लगाम आवळले.

"ढकलू का?"

"नको."

"मग मी जातो, पोरी. दूध थांबत नाही."

तो गेला. रॅग्ना तिथेच बसून राहिली. डोळ्यांसमोर ती दोन खोल्यांची काच, काचेमागे पोती. तिच्या मनात आलं, दूध आंबतंय ते चढामुळे नाही, मी वर कशी दिसेन यामुळे. लोक हसले तर हसोत. गाईला ठाऊक नाही तिचं दूध कुठल्या तोंडाने वर जातं.

तिने ब्रेक सैल केला आणि लिझीला घरंगळत पार खाली ओढ्यापर्यंत जाऊ दिलं. वर हसणं वाढलं. त्यांना वाटलं, हरली. खाली सपाटीवर पुन्हा हँडल मारून तिने गाडी फिरवली. लिझीचं तोंड दरीकडे, पाठ डोंगराकडे. उतरून कॅन पुढे रेटले, पुन्हा चढून बसली, हाताचा दांडा मध्यावर धरला आणि मागे जायचं मधलं पेडल तळापर्यंत दाबलं.

लिझी गुरगुरली आणि मागल्या पायांनी चढायला लागली.

या वेळी तिच्या आवाजात कुरकुर नव्हती. एकच खालच्या पट्टीतला सूर, जात्याच्या घरघरीसारखा. कॅन आता पाट्याच्या टोकाकडे पळत नव्हते, रॅग्नाच्या पाठीला येऊन टेकले होते. ओल्या गोणपाटातून दुधाचा गारवा तिच्या मणक्यांना लागत होता. आणि समोर दरी उलगडत होती. सगळं आयुष्य ती हा चढ नाक जमिनीकडे लावून चढली होती. दरी अशी पसरताना तिने कधी बघितलीच नव्हती. ओढा, विलोची झाडं, ओलाउसचं लाल कोठार, दोरीवरचे कपडे, अंगणात डोळ्यांवर हात धरून उभी असलेली गुरोवहिनी. सगळं लहान होत होतं, आणि लहान होता होता सुंदर होत होतं.

थोरल्या वळणाच्या अलीकडे, एका झाडाच्या सावलीत सिव्हर्टच्या घोड्या दम खात उभ्या होत्या. लिझी त्यांच्या शेजारून वर सरकली. सिव्हर्टने लगाम झटकले आणि मागोमाग निघाला. आता रॅग्ना आणि तो समोरासमोर. तिच्या रेडिएटरपासून हातभर अंतरावर ब्लाकाचं नाक.

"म्हणजे आता माझं तोंड बघत वर जाणार तू?" सिव्हर्ट म्हणाला.

"दुसरं काही बघण्यासारखं असतं तर बघितलं असतं, सिव्हर्टकाका."

"पाय दुखतोय का?"

"नाही." पाय लटपटत होता. मधलं पेडल सुटलं की लिझी थांबणार.

"खोटं बोलतेस. गुडघा नाचतोय तुझा. माझं काही नाही, पण ब्लाका लाजतीये."

थोरलं वळण आलं. मागचं बघायला रॅग्नाने मान वळवली, तर उंच कॅनांपलीकडे नुसतं आकाश. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. तिने कडेला वाकून बघायचा प्रयत्न केला तसा पाय पेडलवरून निसटायला लागला. ती पुन्हा सरळ बसली, आंधळी.

सिव्हर्टला रस्ता स्वच्छ दिसत होता. लिझीची मागची चाकं कडेकडे निघाली होती. मग त्याच्या तोंडून तेच निघालं जे चाळीस वर्षं निघत आलं होतं.

"जी," तो ओरडला. "जी, जी."

त्या दरीत लेकराला आईच्या हाकेआधी हे दोन शब्द कळतात. जी म्हणजे उजवीकडे, हॉ म्हणजे डावीकडे. रॅग्नाने चाक उजवीकडे फिरवलं.

खडी कडेवरून खाली घरंगळली.

"अगं जी म्हणतोय मी. तुझं उजवं नव्हे, माझं. घोडी तोंड वर करून चढते. तू उलटी बसलीयेस."

तिने चाक डावीकडे आणलं. लिझी कडेपासून हटली, डोंगराला लगटली.

"आता हॉ. थोडं. अजून. बास. सरळ ठेव." सिव्हर्टने दाढीवरचा घाम पुसला. "चाळीस वर्षांत इतकी हट्टी घोडी हाकली नाही मी."

"मग कशाला हाकलीत? गेले असते खाली, घर तुमचंच होतं."

"त्या कॅनात माझ्या लेकीचंही दूध आहे," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "आणि कडेला गेलेलं जनावर बघून गप्प बसायची माझ्या तोंडाला सवय नाही. जी. जरा जी."

अशी ती दोघं वर आली, समोरासमोर, भांडत. माथ्यावरच्या गावाला आधी लिझीची पाठ दिसली, मग कॅनांची रांग, मग रॅग्नाचा मोकळा सुटलेला अंबाडा, आणि सगळ्यांत शेवटी घोड्या. यावेळी हसलं कुणी नाही. पाद्रीबाबांनी आपली हॅट काढली, उन्हामुळे असेल. बायकांतून आधी एकीने हात वाजवले, मग सगळ्यांनी.

फ्रिडोलिनने पहिलं झाकण उघडलं, नाक आत घातलं. दुसरं, तिसरं. शेवटच्या कॅनपाशी त्याने बोट बुडवून चाटलं. मग सिव्हर्टच्या कॅनांकडे गेला आणि दुसऱ्याच झाकणाशी थांबला.

"हिचं गोड," तो म्हणाला, आणि कॅन आत न्यायला वळला.

सिव्हर्टने घोड्या सोडल्या, त्या घराचं दार उघडलं आणि कुणी काही म्हणायच्या आत ओट्सचं एक पोतं पाठीवर घेऊन बाहेर आला. रॅग्ना अजून गाडीतच होती. तिचा पाय तिला उतरू देत नव्हता.

"उतर की," तो म्हणाला. "का घरातही पाठमोरी जाणार आहेस?"

पुढच्या रविवारी ओढ्याजवळ एकही फोर्ड उभी नव्हती. घंटा झाली आणि चढावर शाळामास्तरांची लिझी दिसली, पाठमोरी. तिच्यामागे लोण्याच्या व्यापाऱ्याची, मग ओलाउसची, तिच्यात गुरोवहिनी टोपी दाबून धरलेली. काळ्या गाड्यांची ओळच्या ओळ देवाच्या दारी उलटी येत होती, आणि प्रत्येकीत बसलेलं कुटुंब खाली पसरत जाणारी आपली शेतं बघत होतं, जशी पहिल्यांदाच. पाद्रीबाबा पायऱ्यांवर उभे राहून पाठींचं स्वागत करत होते. तळघरात गाण्याला नवी ओळ आधीच जुळली होती:

*चढाला दिली पाठ, दरीला दिले डोळे,*
*दुधाच्या भारानं गं लिझीबाई माझी डोले.*

सगळ्यांत शेवटी रॅग्ना. तिच्या खिडकीत पूर्वेच्या उन्हात जिरॅनियम होतं आणि तिला चढ चढून यायचं काही कारण नव्हतं. ती खाली गेली होती ती सिव्हर्टला आणायला. म्हातारा मागच्या पाट्यावर, उरलेल्या एकुलत्या एका पोत्यावर, तोंड डोंगराकडे करून ऐटीत बसला होता. थोरल्या वळणाशी त्याने हात वर केला.

"हॉ, रॅग्ना. हॉ."

आणि मागे न बघता, क्षणभरही न थांबता, तिने चाक उजवीकडे फिरवलं.