कबरीपुढचा मोरेश्वर

फोटोंचं पाकीट उघडलं आणि वीणा दुकानातच ओरडली, "अरे देवा! मोरेश्वर, काय करून ठेवलंस हे!"

चार फोटो. चारही फोटोंत नवरोबा हात बांधून, पोट पुढे काढून, कबरीच्या दगडापुढे असे उभे, की दगडावरचं एक अक्षर दिसेल तर शपथ.

त्याचं झालं असं. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या त्यांच्या शेजारीण मिसेस टियर्नी, वय वर्षं चौऱ्याऐंशी. आजवर मदत केली ती सगळी ह्या बाईंनीच. बर्फावरून घसरून वीणाचा पाय मोडला आणि मोरेश्वर शिकागोच्या ट्रेनमध्ये अडकला, तेव्हा तिला हॉस्पिटलात नेलं ते ह्यांनीच, स्वतः गाडी चालवत. आता २००६च्या सप्टेंबरात दोघं आयर्लंडला निघाली म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी मागितलं. "तिथे एका पडक्या मठात माझ्या आजीची कबर आहे. फोटो आणाल? माझं काही आता जाणं व्हायचं नाही."

वीणानं छाती ठोकून हो म्हटलं. पण मठ नेमका कुठला ते ठाऊक नाही, मग काय, आठ दिवस पडक्या चर्चमागून पडकं चर्च! "छप्पर नाही, मूर्ती नाही, पुजारी नाही. बघायचं काय यार?" मोरेश्वरची भुणभुण चालूच. खरं तर स्वारीला ते आवडायला लागलं होतं. आठशे वर्षांच्या खिडकीखाली बसून ढग बघत सँडविच खायचा. पण कबूल करेल तर ना!

शेवटच्या दिवशी तो मठ सापडला. भर पावसात एकेक दगड वाचत तासाभरानं कबरही सापडली, आणि तिथेच घात झाला. माणूस नसलेला फोटो म्हणजे पोस्टकार्ड, आणि ते विकत मिळतं, असं मोरेश्वरचं तत्त्व. नायगारा असो की गोल्डन गेट, हा पुढे उभा राहणार आणि वीणा क्लिक करणार. तसाच तो उभा राहिला. हिनंही सवयीनं चार वेळा बटण दाबलं. पाचव्याला बॅटरी गेली. म्हणजे चूक काही एकट्या मोरेश्वरची नव्हती. ते कळत होतं, म्हणून तर बाईसाहेब जास्त भडकल्या होत्या.

"कॉम्प्युटरवर मला एडिट करून काढून टाकतो," तो म्हणाला.

"आणि मागे काय घालणार? कपाळ?"

संध्याकाळी दोघं खाली मान घालून शेजारी गेली. मिसेस टियर्नींनी फोटो दिव्याखाली धरला, भिंग लावलं. एक मिनिट झालं, दोन झाली, भिंग फोटोच्या खालच्या कडेवरच फिरत राहिलं. वीणाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सॉरी," ती कशीबशी म्हणाली. "नावच झाकलं गेलं. तुम्ही एकच गोष्ट मागितलीत आणि आम्हाला तेवढीही..."

"ह्याच्या पायात बूट का नाहीत?"

वीणा गोंधळली. बूट नव्हते खरे. पण त्यात सांगण्यासारखं काही आहे, असं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"दोघांनीही कमानीपाशी काढले होते," मोरेश्वर ओशाळून म्हणाला. "देवाची जागा ना ती. छप्पर पडलं म्हणून काय झालं? शिवाय तुमची आजी तिथे निजलेली. बूट घालून कसं जायचं?"

मिसेस टियर्नींनी भिंग खाली ठेवलं.

"नाव मला पाठ आहे रे," त्या म्हणाल्या. "माझे वडील सतराव्या वर्षी इकडे आले. त्यांची आई, म्हणजे ही आजी, गेल्याचं पत्र त्यांना महिन्यानं मिळालं. मरेपर्यंत एकच घोकत होते, तिच्यावरून गुरं फिरत असतील, लोक बुटांनी तुडवत असतील."

वीणाच्या छातीवरचा धोंडा असा काही उतरला, की तिला हसू आणि रडू एकदमच फुटलं. मोरेश्वरनं तिच्या हातात रुमाल दिला. फोटो बघितल्यापासून आता कुठे त्याला नावाच्या आड आलेल्या आपल्या पोटाची लाज वाटेनाशी झाली.

मिसेस टियर्नी काठी टेकत उठल्या. शेल्फवर वडिलांचा फोटो होता. त्याच्या अगदी समोर त्यांनी हा नवा फोटो टेकवून ठेवला.

"बघा," त्या वडिलांना म्हणाल्या.