सिद्धूच्या दगडावर काय लिहायचं

सयाजी माने पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन वडूजजवळच्या आपल्या गावी आला, त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. बाजरीचं थोडं रान, चार शेळ्या आणि बायको रंगुबाई, एवढा संसार. गावात कुणी श्रीलंकेचा विषय काढला की तो म्हणायचा, ‘‘लय नारळ हायती तिकडं.’’ त्यापुढं त्यानं कधी कुणाला काही सांगितलं नाही. रंगुबाईलाही नाही.

एक्क्याण्णव सालच्या फेब्रुवारीत त्याच्या नावानं एक कार्ड आलं. पलूसकडच्या एका गावाहून ज्ञानू पवार नावाच्या म्हाताऱ्यानं कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. ‘आमचा सिद्धनाथ तुमच्या पलटणीत होता. गावकरी त्याच्या नावाचा दगड बसवणार आहेत. त्यावर काय लिहायचं इथं अडलं आहे. तुम्ही तिथं होता असं समजलं. एकदा येऊन जावं.’

सयाजीनं कार्ड दोनदा वाचलं आणि कोनाड्यात ठेवून दिलं. आठवडा गेला तरी ते तिथंच.

‘‘आवं, जाऊन या की,’’ रंगुबाई म्हणाली. ‘‘ज्याचा ल्योक गेला त्यानं बलावलंय. असं बसून ऱ्हातेत व्हय?’’

‘‘जातो.’’

न जाण्याचं कारण त्याच्यापाशी होतं. पण ते बायकोपुढंही काढण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो निघाला.

विट्याला गाडी बदलायची होती. स्टँडबाहेरच्या चहाच्या गाड्यावर रेडिओ लावलेला, आणि त्यावर कुवेतच्या लढाईच्या बातम्या. शेजारचा एक गडी बिडी शिलगावत म्हणाला, ‘‘अमेरिकेला काय अवघड हाय? आठ-पंधरा दिवसांत उरकून घरला जातील बघा.’’ सयाजीनं कप खाली ठेवला आणि पलूसच्या गाडीत जाऊन बसला. खिडकीतून आधी पिवळं, उघडं माळरान दिसत होतं, मग हळूहळू हिरवा ऊस लागला. उसाची तोड चालली होती. रस्त्यानं बैलगाड्यांची रांग लागली होती.

ज्ञानू पवार साठी उलटलेला, उंच, जरा पोक आलेला माणूस. डोक्याला पटका. त्यानं सयाजीला घरात नेण्याआधी गावच्या चावडीवर नेलं. भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली होती. कडा पिवळ्या पडलेल्या. या गावातून सत्तावीस माणसं पहिल्या महायुद्धाला गेली, त्यातली तीन परत आली नाहीत, एवढंच तिच्यावर होतं.

‘‘त्या तिनातला एक माजा चुलता,’’ ज्ञानू म्हणाला. ‘‘बसऱ्याला गेल्ता. मी बारका असताना आज्याला इचारायचो, कशापायी गेला? आजा म्हणायचा, तुर्काशी लढाया. तुर्कानं आपलं काय घेतलं हुतं, म्हटलं की आजा गप. त्याला ठावंच न्हवतं. माघारी आलेल्यांनीबी कुनी सांगितलं न्हाई.’’ तो थांबला. ‘‘तुमी आलाय. म्हनून तुमाला इचारायचं.’’

घरी सोप्यात सरपंच दादासो आधीच येऊन बसले होते. पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं. त्यांनी एक कागद पुढं केला. मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: ‘देशाच्या शत्रूशी शौर्याने लढताना वीरमरण.’

‘‘हवालदारसाहेब, आता तुमीच सांगा, यात खोटं काय हाय?’’ दादासो म्हणाले. ‘‘पाथरवट खोळंबलाय. ज्ञानूअण्णा ऐकत न्हाईत.’’

‘‘माजं म्हननं येवडंच, शत्रू कोन ते सांगा,’’ ज्ञानू म्हणाला. ‘‘सिद्धूची पत्रं हायती माज्याकडं. पहिल्या पत्रात लिवलंय, इथली मानसं आपल्यासारखीच हायती, आमाला हार घालत्यात. मग त्याला मारला कुनी?’’

आतल्या दारात सिद्धूची आई बनुबाई येऊन उंबऱ्याला टेकली. तिनं पाण्याचा तांब्या ठेवला, पण ती आत गेली नाही. तिघंही सयाजीकडं बघत होते.

सयाजीनं घोटभर पाणी घेतलं.

‘‘पहिल्यापासनं सांगतो,’’ तो म्हणाला. ‘‘त्या बेटावर त्यांचं आपापसात पेटलं हुतं. सरकार एकीकडं, तिथली तमिळ मानसं दुसरीकडं. आपलं काय हुतं त्यात? मदरासकडच्या लोकांचे नातेसंबंध. मानसं उपाशी मरत्यात म्हनून आपण हुड्या धाडल्या, तांदूळ आन् औषधं भरून. त्यांच्या आरमारानं त्या माघारी लावल्या. मग आपण इमानातनं पोती टाकली. आता पोती टाकल्यावर गप कसं बसायचं? मग करार झाला. दोगांच्या मधी कुनीतरी उभं ऱ्हायाला पायजे, म्हनून आमी गेलो. सत्त्याऐंशीचा जुलै.’’

सयाजी पलटणीच्या स्टोअरचा हवालदार होता. पलालीच्या विमानतळावर काय उतरतं ते सगळं त्याच्या हाताखालून जायचं, आणि सिद्धू तेव्हा त्याच्याच हाताखाली होता. पहिल्या विमानांतून तंबू उतरले, डाळ-तांदूळ उतरला, लोकांना सूचना द्यायला भोंगे उतरले. साहेब म्हणाले, महिन्याभराचं काम आहे. गल्लीगल्लीत लोकांनी हार घातले. एक म्हातारी रोज कुंपणापाशी येऊन सिद्धूला ताडाचा गूळ देई. सिद्धूनं तिच्याकडून तमिळ उचललं, आणि हिशोबाच्या रिकाम्या पानांवर तो शब्द लिहून ठेवायचा. पाणी, भाऊ, भिऊ नका.

‘‘मग तिथल्या लढणाऱ्या तमिळ पोरांची हत्यारं गोळा करायची, असं ठरलं,’’ सयाजी म्हणाला. ‘‘थोडी दिली त्यांनी. गंजकी. बाकीची दडवली. आता ती काढून घ्यायचं काम कुनाचं? आमचं. त्यासाठी जादा मानसं आली. आक्टोबरात त्यांनी आमची मानसं मारली. मग आमाला शहरात शिरायचा हुकूम झाला. ज्या गल्लीत हार घातले हुते, त्याच गल्लीत. दारं बंद. ती म्हातारी पुन्ना दिसली न्हाई.’’

बाहेर उसाची गाडी करकरत गेली.

‘‘त्यानंतर इमानातनं काय उतरायला लागलं, ते मी बघितलंय. तोफगोळे. जखमींच्या झोळ्या. मग रिकाम्या पेट्या, मानसांच्या मापाच्या. फौजेची एक डिव्हिजन गेल्ती, तिच्या चार झाल्या. दर बारीला साहेब म्हनायचे, आता येवडं झालं की संपलं. खोटं बोलत न्हवते ते. त्यांनाबी तसंच वाटायचं. मोठी लढाई करा, असं कुनी सांगितलंच न्हाई, अण्णा. दर बारीला थोडंच मागितलं. आन् मागं फिरायचं म्हटलं की गेलेली मानसं आठवायची. ती काय फुकट गेली व्हय, म्हनून अजून मानसं जायाची.’’

‘‘मग शेवट?’’ दादासोंनी विचारलं. त्यांच्या हातातला कागद आता मांडीवर आला होता.

‘‘दोन वर्सं झाल्यावर तिथलं सरकार आमालाच म्हनाया लागलं, जा आता. ज्यांच्यासाठी गेलो ती मानसं आमच्यावर गोळ्या घालत हुती, ज्यांनी बलावलं ते हाकलत हुते. सिद्धू गेला तो त्याच दिवसांत. वावुनियाच्या पुढं जंगल हाय. पायवाटेवर सुरुंग पुरलेला हुता.’’

‘‘पर तुमी म्हनला, त्यो तुमच्या स्टोअरात हुता,’’ बनुबाई पहिल्यांदा बोलली. ‘‘जंगलात कसा गेला?’’

हाच प्रश्न. याच प्रश्नासाठी ते कार्ड आठवडाभर कोनाड्यात पडून राहिलं होतं. बनुबाईकडं बघण्याऐवजी सयाजीनं जमिनीकडं बघितलं, मग मान वर केली. तिच्याकडं न बघता हे सांगणं बरं नव्हतं.

‘‘मी दिला,’’ तो म्हणाला. ‘‘लढणाऱ्या कंपनीत मानसं कमी पडली हुती. साहेबांनी स्टोअरातनं दोन मानसं मागितली. दोनच. आठ दिवसांसाठी. मी सिद्धूचं नाव दिलं. तगडा हुता, तमिळ बोलायचा, गावातनं जाताना उपेग हुईल असं वाटलं. दुसऱ्या कुनाचंबी नाव देता आलं आस्तं. आठाचं पंधरा दिवस झालं. मी त्याला माघारी मागणार हुतो. आज मागू, उद्या मागू करत ऱ्हायलो. एकोनिसाव्या दिवशी गेला.’’

ज्ञानूनं डोळे मिटले. दादासो काहीतरी बोलायला गेले, ‘‘लष्करात हुकूम म्हंजे...’’ आणि ज्ञानूनं हात वर केला तसे ते थांबले.

बनुबाई उंबऱ्यातच उभी होती. आतून भाकरीचा वास येत होता, पाहुण्यासाठी चूल पेटलेली होती. चुलीकडं एकदा बघून ती म्हणाली, ‘‘सांगितलंत ते बरं केलंत. पलटणीतनं घरी आलेल्या सायबानं येवडं सांगितलं न्हवतं.’’ मग तिचा आवाज जरा खाली आला. ‘‘पर आज मला तुमाला जेवाया वाढवनार न्हाई. राग धरू नका.’’

‘‘न्हाई, आक्का,’’ सयाजी म्हणाला.

ती आत गेली. सयाजी उठला, तसा ज्ञानूही उठला. पायात वहाणा घालता घालता ज्ञानू दादासोंना म्हणाला, ‘‘लिवून घ्या, सरपंच. सिद्धनाथ ज्ञानू पवार. शांतीसाठी गेला. लढाईत पडला. वावुनिया, श्रीलंका, एकोनीसशे एकोननव्वद.’’

‘‘येवडंच?’’ दादासो चपापले. ‘‘वीरमरण तरी घाला की. उद्या आमदार येनार उद्घाटनाला. लोक म्हनतील, ह्ये काय लिवलंय? शांतीला गेलेला मानूस लढाईत कसा पडंल?’’

‘‘इचारू द्या,’’ ज्ञानू म्हणाला. ‘‘इचारलं तर सांगता येतंय आता.’’

दादासोंनी सयाजीकडं बघितलं. या माणसानं तरी आपली बाजू घ्यावी, अशी त्यांची नजर होती.

‘‘खरं हाय ते,’’ सयाजी म्हणाला. ‘‘पलटणीतला कुनीबी मानूस याच्याखाली सही करंल.’’

दादासोंनी खिशातलं पेन काढलं. लिहिताना ते पुटपुटत होते, पण लिहिलं त्यांनी ज्ञानूनं सांगितलं तसंच.

ज्ञानू स्टँडपर्यंत सोबत आला. गाडी आल्यावर त्यानं सयाजीच्या दंडाला हात लावला आणि म्हणाला, ‘‘जा नीट.’’ बस एवढंच.

घरी पोचल्यावर सयाजी रंगुबाईजवळ जाऊन बसला. ती सुपात मटकी निवडत होती. त्यानं सगळं सांगितलं, पलालीच्या विमानतळापासून बनुबाईच्या उंबऱ्यापर्यंत. सांगून झाल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं.

‘‘दोन वर्सं एकट्यानं वागवलंत ह्ये,’’ ती म्हणाली.

‘‘त्यांचं वझं माज्यापेक्षा मोठं हाय.’’

‘‘आसंल. पर ह्ये बी हुतंच की.’’

दगड एक मे रोजी शाळेपुढं बसला. सयाजीला निमंत्रण आलं, तो गेला. आमदार आले नाहीत, त्यांच्या जागी एक शिक्षणाधिकारी आले आणि त्यांनी शिवाजी महाराजांपासून सुरुवात करून लांबलचक भाषण ठोकलं. ऊन मी म्हणत होतं. पाथरवटानं ‘वावुनिया’चं ‘वावनिया’ करून ठेवलं होतं आणि ‘श्रीलंका’ला जागा कमी पडल्यानं शेवटची अक्षरं बारकी झाली होती. दादासो त्याच्यावर जाम उखडले होते. ज्ञानू मात्र म्हणाला, ‘‘ऱ्हाऊ द्या, वाचता येतंय.’’

शाळेतल्या गुरुजींनी ओळी मोठ्यानं वाचल्या. गर्दीतून कुणीतरी खरंच विचारलं, ‘‘म्हंजे काय वो, अण्णा?’’ ज्ञानू त्या माणसाला दगडाजवळ घेऊन गेला आणि सांगायला लागला. पोती, मग करार, मग हत्यारं. सयाजी लांब लिंबाखाली उभा राहून ऐकत होता. म्हाताऱ्यानं एकही पायरी गाळली नव्हती. सिद्धूला जंगलात कुणी पाठवलं, तेवढं मात्र त्यानं सांगितलं नाही. ‘‘मानसं कमी पडली, तवा गेला,’’ एवढंच म्हणाला.

लोक पांगायला लागले तशी बनुबाई लिंबाकडं आली. डोक्यावरचा पदर तिनं पुढं ओढला. ती सयाजीच्या तोंडाकडं बघत नव्हती, शाळेच्या पटांगणाकडं बघत होती.

‘‘मालकीन हाय न्हवं घरी?’’ तिनं विचारलं.

‘‘हाय की. रंगुबाई.’’

‘‘आखितीच्या सणाला जेवाया घेऊन या तिला,’’ ती म्हणाली. ‘‘दोन दिस ऱ्हावा.’’

आणि ज्ञानू अजून बोलत होता तिकडं ती निघून गेली.