यंदा नक्की उतरायचं

कंपनीत आम्हाला 'यंदावाले' म्हणतात. कॅन्टीनमध्ये आमच्यातलं कुणी ताट घेऊन बसलं की शेजारच्या टेबलावरून विचारणा होतेच: काय, यंदा उतरणार का? कंपनी मोठी, निम्म्या जगाला घरगुती गाड्या विकणारी, आणि तिच्या एका कोपऱ्यात आम्ही शर्यतीच्या गाडीचं इंजिन बनवतोय. साध्यासुध्या शर्यतीचं नाही, सगळ्यांत वरच्या शर्यतीचं, जिथे मोजक्या कंपन्या उतरतात आणि बाकीच्या टीव्हीवर बघतात. आमचं उतरायचं की नाही हे घोंगडं इतकी वर्षं भिजत पडलंय की आता त्याला वास यायला लागलाय. दर वर्षी संचालकांची बैठक होते, 'विचार चालू आहे' म्हणून बाहेर सांगतात, वर्तमानपत्रात चार ओळी येतात, आणि आम्ही पुन्हा कामाला लागतो.

मी या इंजिनाची प्रमुख. तापट आहे, पण ते मी कशाला सांगू, सगळे सांगतातच. नवरा म्हणतो, तुमच्या इंजिनाला थंड करायला पाणी तरी आहे, तुला थंड करायचं कुणी?

त्या सकाळी मला एका जागी बसवेना. संचालक मंडळी इंजिन बघायला येणार होती. म्हणजे खरं तर मोठे साहेब येणार होते, बाकीचे त्यांची मान बघून आपली हलवतात. या वेळी नाही म्हणाले तर आमचा विभाग बंद, हे आधीच बजावून ठेवलेलं. म्हणजे परत घरगुती गाड्यांकडे जायचं आणि दार लावताना कुरकुर का होते ते शोधत बसायचं. मी चहा केला, तो तसाच ठेवून बूट घातले, मग बूट काढून किल्ली शोधली. नवरा म्हणाला, नाही म्हणाले तर नाही, जीव जाणारे का? मी म्हटलं, हो, जाईल. त्याने किल्ली शोधून माझ्या हातात दिली, कारण मी थट्टा करत नव्हते.

आमच्याकडे एक जुनी रीत आहे. नवं इंजिन साहेबांना दाखवायचं तर ते चालू करून त्याच्या डोक्यावर नाणं कडेवर उभं करायचं. पडलं नाही तर इंजिन पास. मोठ्या साहेबांच्या वडिलांनी पाडलेली ही रीत, आणि तिच्यावरच कंपनी मोठी झाली. आमच्या गाडीत झोपलेलं पोर जागं होत नाही, ही आमची ख्याती. पण शर्यतीच्या गाडीत इंजिन हाच गाडीचा कणा असतो. ते सांगाड्याला थेट आवळलेलं असतं, मध्ये रबर नाही की काही नाही. ते हलणारच, जवळ उभ्या माणसाचे दात वाजतील इतकं हलणार. मी ठरवलं होतं की साहेब आत आले की आधीच सांगायचं, हे नाण्याचं इंजिन नव्हे. माझा हाताखालचा इंजिनिअर म्हणाला, मॅडम, तुम्ही बोलायला गेलात की भांडण होतं, ते माझ्यावर सोडा. त्याला सगळे सबुरी म्हणतात, कारण त्याचं प्रत्येक वाक्य 'जरा सबुरीनं' असं सुरू होतं. मी सोडलं त्याच्यावर. तिथेच चुकलं.

मंडळी आली. इंजिन चाचणीच्या खोलीत, आम्ही जाड काचेच्या अलीकडे. सबुरीने इंजिन चालू केलं आणि मेकॅनिकने आत जाऊन नाणं उभं केलं. मला वाटलं, आता पडणार, आता आपलं हसं होणार. नाणं पडलं नाही. सबुरीने वेग थोडा वाढवला, तरी ते आपलं उभंच. सगळे नाण्याकडे बघत होते. मी खाली बघितलं, तर इंजिनाच्या चारही पायांखाली काळं जाड रबर. आदल्या संध्याकाळी मी घरी गेल्यावर सबुरीने ते बसवलं होतं, आणि वेगाची मर्यादाही निम्म्यावर आणून ठेवली होती.

मोठ्या साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी काचेवर हात ठेवला आणि म्हणाले, "हे आपलं इंजिन. यंदा नक्की उतरायचं."

टाळ्या झाल्या. इतकी वर्षं ज्या एका शब्दासाठी आम्ही जिवाचं रान केलं, तो शब्द असा सहज येऊन पडला. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. सबुरी माझ्या कानाशी लागला, "मॅडम, झाकली मूठ सव्वा लाखाची. आधी होकार पदरात पाडून घ्या, हलवायचं ते मागून हलवू." आणि त्याचं काही चूक नव्हतं. घरी दोन पोरं आहेत त्याला, विभाग बंद झाला तर तोही रस्त्यावर येणार. मीही गप्प बसले. हात बांधले, सोडले, परत बांधले.

मग साहेब म्हणाले, हे असंच ठेवा, यातला एक स्क्रूही कुणी बदलायचा नाही. झालं. असंच ठेवलं तर पहिल्याच शर्यतीत लोक आम्हाला दूधवाल्याची गाडी म्हणणार. आणि बदललं तर उद्या साहेब म्हणणार, तुम्ही फसवलंत. पण खरं सांगायचं तर एवढा हिशेब मी नंतर केला. तेव्हा फक्त डोकं फिरलं. माझ्या इंजिनाला पाळण्यात झोपवून त्याचं कौतुक चाललं होतं, ते मला बघवेना.

"साहेब, हे ते इंजिन नाही," मी म्हटलं. "खालचं रबर काढते. मग बघा आणि मग हो म्हणा."

सबुरीने डोळे मिटले. संचालकांपैकी कुणीतरी जेवणाचं नाव काढलं आणि सगळे हळूहळू सटकले. मोठे साहेब मात्र कोट काढून खुर्चीवर बसून राहिले. मी आणि मेकॅनिकने रबर काढलं, इंजिन थेट लोखंडाला आवळलं, मर्यादा मूळ जागी नेली. माझ्या हातून पाना दोनदा निसटला. आमच्या सगळ्यांच्या पोटावर मी पाय देतेय, हे मला कळत होतं.

या वेळी नाणं ठेवलंच नाही. मी वेगाचा दांडा पुढे सरकवला. खोली हलायला लागली, काच हलायला लागली, साहेबांची खुर्ची जमिनीवर सरकायला लागली. साहेब उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मी सगळा वेग दिला आणि परत खाली आणला. त्यांनी विचारलं, बिघडलंय का? मी म्हटलं, आत्ता कुठे नीट चाललंय.

"अजून किती जाईल?"

"माहीत नाही. आपल्याकडे इंजिन तुटलं की कुणाची तरी नोकरी जाते. त्यामुळे कुणी तोडून बघितलेलंच नाही."

त्यांनी मर्यादा काढायला सांगितली. मी सबुरीकडे बघितलं. तो म्हणाला, काढा आता, राहिलंय काय. मग साहेबांनी मला बाजूला व्हायला खुणावलं आणि दांडा स्वतः धरला. हळूच पुढे नेला, मग आणखी. मी एवढा आवाज कधी ऐकला नव्हता, आणि माझंच इंजिन होतं ते. मी ओरडून सांगितलं, साहेब, आता मागे घ्या. त्यांना ऐकू गेलं असणार, कारण त्यांनी मान हलवली. पण दांडा पुढेच गेला.

मग एक दणका बसला आणि काचेपलीकडे सगळा धूर झाला. आतला पंखा तेवढा घरघरत राहिला. सबुरीने आग विझवायची कळ दाबली. माझी सगळी मेहनत जमिनीवर तेल सांडत पडली होती, आणि मला वेड लागल्यासारखं हसू येत होतं. इतकं पुढे गेलं ते! वरच्या शर्यतीतल्या कुणाच्याही तोडीस तोड गेलं. मी साहेबांना तेच सांगायला वळले.

साहेब घामाने भिजले होते. मूठ अजून दांड्यावर होती, आणि तो दांडा शेवटपर्यंत रेटलेला. त्यांनी तो सोडायला दुसऱ्या हाताची मदत घेतली.

"तुमचं इंजिन चांगलं आहे," ते म्हणाले. "पण आपण उतरायचं नाही. यंदा नाही, कधीच नाही."

मी भांडायलाच निघाले होते. म्हटलं, साहेब, एक इंजिन तुटलं म्हणून घाबरलात?

त्यांनी मान हलवली. "इंजिनाला नाही घाबरलो. तुम्ही थांबा म्हणालात, ते मला ऐकू आलं होतं. मला हात मागे घेता आला नाही. कंपनी याच हातात आहे."

त्यांनी कोट उचलला आणि गेले. मला त्यांचा राग येईना. तोच न थांबणारा हात मलाही आहे, आणि तो दांडा परत कधी माझ्या हाती येणार नव्हता. मी खुर्चीवर बसले आणि सबुरीच्या देखत रडले.